फास निघाल्यावर

बाबा, तो डोंगरातला पक्षी मला अजून दिसतो. आई गेल्यावर मी तुम्हाला नागपूरहून इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आणलं, हिवाळ्याच्या तोंडावर, सहा महिन्यांसाठी म्हणून. मी सकाळपासून वर्तमानपत्राच्या ऑफिसात, तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं जवळ काही नाही. संध्याकाळी मी आले की सांगायचात, "आज टपालवाला जरा लवकर आला."

म्हणून मे महिन्यात ब्लू ग्राउझ या रानपक्ष्यावरच्या बातमीसाठी डोंगरात जाताना तुम्हाला बरोबर घेतलं. फरच्या झाडातून खोल घुमणारा आवाज येतो. "कोण रिकाम्या बरणीत फुंकतंय गं?" तुम्ही विचारता. वाटेवर कोंबडीएवढा करडा पक्षी उभा आहे. संशोधन करणारी बाई लांब काठीच्या टोकाला दोरीचा फास लावून पुढे सरकते. तो मान तिरकी करून फास जवळ येताना बघतो, हलत नाही. फास गळ्यात पडतो. त्याच्या पायात रंगीत कडी घालता घालता ती सांगते की हिवाळाभर हा वर झाडावर बसून फरची पानं खातो, आणि इथले लोक याला मूर्ख कोंबडी म्हणतात. मी ते मराठीत सांगितलं तशी तुम्ही उखडलात. "मूर्ख कशाला? भिडस्त आहे बिचारा. दारी आलेल्याला जा म्हणवत नाही त्याला."

बाईनं फास काढून त्याला खाली ठेवलं, तरी तो तिथेच. तुम्ही वाकून हळूच म्हणालात, "जा की रे. सुटलास." मग माझ्याकडे न बघता, "माझं तिकीट पुढल्या महिन्याचंच ना?"

"हो, बाबा."

"नाही, घर बंद पडलंय. तुझ्या आईच्या साड्यांना वारा द्यायला हवा."

"हो म्हटलं ना. चला, मला बातमी द्यायचीय."

बातमी वेळेत दिली. पक्ष्याला माणसाची भीती वाटत नाही म्हणून तो पळत नाही, असं लिहिलं. ते कुणाला खटकलं नाही. जूनमध्ये मी तुम्हाला म्हणाले, सीट मिळत नाहीये. जुलैमध्येही तेच. ऑगस्टात तुम्ही त्याच खुर्चीत गेलात. लेकीजवळ गेले, नशीबवान, असं भेटायला आलेल्या काकू म्हणाल्या. मी मान हलवली.

आज या पत्राच्या पाकिटावर सवयीनं नागपूरचा पत्ता घातला आणि ते खणात ठेवून दिलं. डोंगरात तुम्ही विचारलंत तेव्हा तिकीट नव्हतंच, बाबा. दोन दिवस आधी ऑफिसातून फोन करून मीच ते कॅन्सल केलं होतं.