सत्त्याण्णव डिग्री व इतर मालमत्ता

११ जून २०२४, मंगळवार

सात महिने या डायरीत काही लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. या काळात दुसऱ्या एका वहीत दिवसातून तीनदा कॉम्प्युटरचे तापमान लिहीत होतो. शुक्रवारी पित्ताशयातला खडा काढायचा आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही; तेव्हापासून घाबरलो आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, अरुणकुमार यादोराव लांजेवार, वय ४७, स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये कारकून, राहणार भिलाई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. पत्नी रत्नमाला 'लिहा एकदाचं, अन् जेवाले या' एवढेच म्हणाली. त्याला दडपण म्हणावे का, याचा विचार केला. नाही.

१. राहते घर प्लांटचे क्वार्टर आहे, ते कोणाला देता येत नाही. बावीस वर्षे मात्र त्याला माझे घर म्हणत आलो. मरोद्याचा प्लॉट व बँकेत असेल ते रत्नमालाला.

२. स्क्रू-ड्रायव्हरचा संच, टेबलफॅन व तापमानाची वही मुलगी ऐश्वर्याला. वही ती रद्दीत देईल. हरकत नाही.

३. कॉम्प्युटर. याच्या प्रोसेसरची गती मी मूळ गतीपेक्षा बरीच वाढवली आहे. एवढ्या गतीने तुम्ही करता काय, असे ऐश्वर्याने विचारले होते. मुख्यतः प्रोसेसर किती तापला ते बघतो. कोणाला द्यायचा ते पुढील कलमात.

४. धाकटा भाऊ शुभंकर, नोकरी ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या भट्टीवर, राहणार रुआबांधा. रविवारपर्यंत हे कलम एका ओळीचे होते: शुभंकरला काहीही नाही.

कारण असे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात प्रोसेसरवर नवा पंखा बसवला. पंख्याखालचा धातूचा ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये पेस्टचा लेप लावतात, उष्णता वर निघून जावी म्हणून. माझा हात थरथरतो, लेप शुभंकरने लावला. तरी तापमान सत्त्याण्णव. तो म्हणाला, "दादा, तू कावून घाबरून राहिला? सत्त्याण्णव डिग्रीत आमच्या तिकडं लोखंडाले थंडी वाजते." सगळे हसले. फर्नेसवर फावडे मारणाऱ्याने नाजूक कामाला हात लावू नये, असे मी त्याच्या बायकोसमोर बोललो. आणखीही बोललो, ते येथे लिहिण्याचे धैर्य नाही. तो चप्पल घालून गेला, तो आजवर आलेला नाही.

त्यानंतर कॉम्प्युटरची एक बाजू उघडी ठेवली, टेबलफॅन लावला, खोलीतला कूलर त्याच्याकडे वळवला आणि आम्ही घामात झोपलो. सहा डिग्री उतरले. गती कमी केली असती तर लगेच उतरले असते, पण ती हार वाटत होती. रत्नमाला एकदा म्हणाली, "कॉम्प्युटरचा ताप तीनदा पायता. भावजी दोन वर्सं आले नाही, ते कोनत्या वहीत लिवलं?"

रविवारी मालमत्तेची यादी करताना पंखा काढला. ठोकळ्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तशीच होती. तिच्यावरचा लेप पातळ, एकसारखा. मग आठवले. शुभंकरने विचारले होते, "दादा, हे प्लास्टिक काढू का?" मी म्हणालो होतो, "राहू दे, वस्तू नवी राह्यते." आमच्याकडे रिमोट, फ्रीजचे हँडल, स्कूटरची सीट, सगळे प्लास्टिकमध्येच आहे. पट्टी काढली, नवा लेप लावला. एकाहत्तर. हे मी विसरलो होतो, की विसरणे सोयीचे होते, ते मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही.

म्हणून काल कॉम्प्युटर शुभंकरच्या नावे लिहिला. आज शेजारचे भाऊराव शहारे साक्षीदार म्हणून आले. दुसरा साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारल्यावर मी शुभंकरचे नाव सांगितले. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे त्यांचे मत. ते एकदा कोर्टात जाऊन आले आहेत, त्यामुळे वाद घातला नाही. म्हणाले, "लांजेवार, त्याले देनं हाये का बलावनं हाये, एक ठरवा."

ठरवले. कॉम्प्युटर ऐश्वर्याला. शुभंकरला काहीही नाही.

ठिकाण भिलाई, वरील तारखेस, माझ्या हाताने.
अरुणकुमार या. लांजेवार

साक्षीदार १: भाऊराव शहारे (सही केली, चहा घेतला)
साक्षीदार २: शुभंकर यादोराव लांजेवार (सही बाकी)

उद्या: रुआबांध्याला जाऊन, सहीचा कागद खिशातून काढण्याआधी, चूक माझी होती हे सांगणे.