गुलाबांवरचा काळा कागद

७ जून १९६४, बंगळूर
कागद आणला! कारखान्यात परदेशी यंत्र आलं, त्याला गुंडाळलेलं काळं प्लास्टिक भंगारात जाणार होतं. साहेबांना विचारून उचललं. दुपारी गुलाबांच्या वाफ्यावर अंथरलं. बुंध्यांभोवती कंपासनं आखून गोल भोकं, कडांना विटा. आता उगव म्हणावं हरळीला! सबंध बंगळुरात ही युक्ती आणखी कुणाला सुचली असेल तर मिशी उतरवीन.
सौ.ला काळजी मधल्या गावठी गुलाबाची. तिनं माहेराहून, बेळगावहून आणलेला. म्हणे, "माती गुदमरेल हो." म्हटलं, माती काय तुझी आत्या आहे?

१९ जुलै
एक तण नाही! शेजारी राव खुरपं घेऊन उकिडवे, मी आरामखुर्चीत चहा पितोय. राव तीन पिढ्या बंगळुरातले, घरात मराठीच. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या बागस्पर्धेचा कप दर वर्षी त्यांच्याकडे. यंदा बघतो कसा नेतात. कुंपणावरून म्हणाले, "चेन्नागिदे हो, छान दिसतं." जळले बहुतेक.

२३ ऑगस्ट
पानं पिवळी पडतायत. खत कमी पडलं असेल. शेणखताचं पाणी ओतलं, निम्मं कागदावरून वाहून गेलं. पावसाचंही तेच. पिवळी पानं खुडून टाकली. स्पर्धा जवळ आली.

७ सप्टेंबर
गणपती तोंडावर, घरात दूर्वा नाहीत. दर वर्षी गुलाबांमधूनच निघायच्या, शेजारणीसुद्धा न्यायच्या. हरळी मारली की दूर्वाही गेल्या, हे एवढ्या इंजिनियरच्या डोक्यात आलं नाही! सौ. परडी घेऊन रावांच्या दारात. त्यांची बायको म्हणाली, "गरिके ना अक्का? हवी तेवढी खुडा." सौ. परत आली, परडी देवापाशी ठेवली. मीच ओरडलो तिच्यावर, उगाच.

१३ सप्टेंबर
आज कागद काढला. वर माती फरशीसारखी, खाली चिकट, नासक्या पाण्याचा वास. एक गांडूळ नाही. पूर्वी खुरपं घातलं की वळवळायची. पाचोळा सगळा कागदावरच सुकला, मातीच्या पोटात पानही गेलं नाही. कडेचं एक रोप उपटलं, मुळं काळी.
सौ. : "कप राहू दे. माझं झाड वाचवा."
पण परीक्षक पुढच्या रविवारी. आत्ता खणलं तर वाफ्याची पार रया जाईल. आठ दिवसांनी काय बिघडतंय?

२० सप्टेंबर
कप मिळाला!!! परीक्षक वाकून म्हणाले, "अशी स्वच्छ माती पाहिली नाही." सगळ्यांदेखत! रावांनी स्वतः येऊन हात मिळवला. कप रेडिओवर ठेवलाय, जाता-येता बघतो. छाती फुगली, खोटं कशाला लिहू?
सौ.नं कपाकडे बघितलंही नाही. बेळगावच्या गुलाबापाशी माती उकरत बसली होती. कोट काढून मीही बसलो. शेणखत, पाचोळा घातला. आठवडाभर बाजूला पडलेला कागद घडी करून पडवीत ठेवला.

२७ सप्टेंबर
सकाळी राव आले. "तुमचा तो कागद स्वल्प मला द्या हो. गुडघे गेले, खाली बसवत नाही."
वा! दर वर्षी कप नेणारा माणूस माझ्या दारात! इतकं बरं वाटलं की घडी आणायला उठलोसुद्धा. तर सौ. पडवीच्या दारात उभी. हळूच म्हणाली, "देताना सगळं सांगून द्या."
सगळं म्हणजे काय ते कळलं मला. परीक्षकांनी वाखाणलेली ती माती मेलेली होती, हेसुद्धा. मग कपाला काय अर्थ राहिला? आणि सगळ्या क्वार्टर्समध्ये हसं होईल ते निराळंच. रावांना म्हटलं, संध्याकाळी बघू.
दुपारी कुंपणावरून वाकून त्यांच्या वाफ्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला. चांगली गार, भुसभुशीत माती. आमच्या बेळगावच्या गुलाबाचं अजून काही सांगता येत नाही. खालची पानं गळतातच आहेत.
संध्याकाळ झाली. राव फाटकाशी आलेत. लिहितोय तोवर दोनदा हाक मारून झाली. सौ. आतून म्हणते, "अहो, जा ना."
जातो. कागद काखेत घेतलाय. तोंडातून काय निघेल ते मात्र फाटकाशी गेल्यावरच कळेल.