फुंकर नको, उसासा

मुलुंड, सोमवार, १२ मार्च १९८४

माझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या, हवा उपसणाऱ्या पंपाचा आवाज आज दिवसभर कानात आहे. आधी गुरगुर, मग काचेच्या घुमटातली हवा संपत आली की कोरडी टकटक. त्या तालावर मी शाळेतल्या कविता पुटपुटायचो आणि माझ्या हाताखाली शिकणारा सुहास हसायचा. "काका, वृत्त चुकलं."

त्याच सुहासचा लेख आज वाचला. काचेवर धातूचा पातळ थर चढवण्याआधी काच स्वच्छ आहे का, ते श्वासाने ओळखायची रीत. वाफ एकसारखी धरली आणि एकसारखी उडाली, तर काच स्वच्छ. 'आम्ही शोधलेली सोपी रीत' म्हणे. आम्ही म्हणजे कोण रे? शेवटी आभार आहेत, चहावाल्याचेही आहेत. माझं नाव नाही. तीनदा पाहिलं.

नावाचं एवढं काय, असं मनाला समजावतोय. जमत नाही. हाताला धरून शिकवलं होतं त्याला.

आणि लिहिलंय तेही चुकीचं. 'काचेवर फुंकर मारावी.' फुंकरीबरोबर थुंकी उडते, मग थर पापुद्र्यासारखा सुटतो. तोंड उघडून हळूच 'हा' करायचं, आरशावर करतो तसं. मी म्हणायचो, फुंकर नको, उसासा टाक. नेमकं तेच विसरला.

पत्र टाकून चूक कळवावी का? की सुटू देत त्याचे थर?

बेल वाजली. ही दारातून सांगतेय, "अहो, सुहास आलाय. हातात काचांची डबी आहे. थर टिकत नाही म्हणतो."