तिले बोलावू नका

माय, काल सोनाळ्याला, माहेरी जाऊन आले. तुझी सून आता पार वाकली आहे, पण ओट्यावर बसून अजून तशीच ठसक्यात बोलते. तिला जे विचारायला इतकी वर्षं जीभ उचलली नाही, ते काल विचारलं. तेच तुला सांगायला बसले, तर मधेच आपला धाब्यावरचा उन्हाळा आठवून राहिला.

ज्वारीचे पापड घालायचा दिवस. धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, तू ओलं लुगडं अंथरून बसली आहेस, खाली चुलीवर मी पीठ शिजवते आहे आणि दारातल्या शेजारणीशी माझी टकळी चालू आहे. तू वरून ओरडतेस, "शिजलं का वं?" मी न पाहताच म्हणते, "हो, शिजलं!" दुसऱ्या दिवशी लुगडं उचललं तर पापड कुठले, नुसता भुगा. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरून उभी. तू मात्र तो चुरा टोपल्यात भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "शिजलं हे तुले मालूम होतं, का वाटून राह्यलं होतं?" मी खाली वाकून सांडलेला चुरा वेचू लागले. "वाटून राह्यलं असन त तसं सांगाव ना. मी खाली येऊन पाह्यलं असतं." धपाटा परवडला असता, माय.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. मग पुड्यांचे कागद, जुनी मासिकं, हाती लागेल ते मी वाचायची. तुला अक्षर येत नव्हतं, पण माझं वाचून झालं की तू म्हणायचीस, "आता कागदावर हात ठेव, आन् मले सांग काय हाय त्याच्यात." हात ठेवला की अर्धं अधिक पळून जायचं. मी चिडायची. "समजलं होतं व, आता आठवत नाही," म्हटलं की तू हसायचीस, "मंग कोनाले समजलं होतं?" डोळ्यांखालून गेलेलं आणि डोक्यात उतरलेलं यात केवढं अंतर असतं, ते मला शाळेत कोणी दाखवलं नव्हतं. अजून मी तशीच वाचते. पान झाकते, मनाशी सांगून पाहते, अडले की पुन्हा उघडते. जे काही चार शब्द कमावले ते असेच.

माणसांच्या बाबतीतही तू तशीच. एकदा समोरची काकू माझ्याशी न बोलता पदर तोंडाला लावून निघून गेली. "लय घमेंड आली तिले," मी म्हटलं. तू हातातलं काम टाकून सरळ तिच्या घरी गेलीस आणि परत येऊन पोट धरधरून हसलीस. "घमेंड नोय बाप्पा, दाढ सुजली तिची! हे एवढा गाल झाला. जाय, लवंग नेऊन दे."

इतकं शिकवलंस आणि शेवटी मलाच असं कोड्यात टाकून गेलीस. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी खामगावला, माझा लेक गोवरानं फणफणलेला. तू गेल्याचाच निरोप आला. दिवसकार्यात कोणीतरी बोलून गेलं, म्हातारी म्हणे, तिले बोलावू नका. त्याआधीच्या दिवाळीत मी तुला ताडकन बोलले होते, "तुले फक्त भाऊच दिसते." मी तेच धरलं. तू रागात गेलीस, माझं तोंड पाहायची तुला इच्छा नव्हती. हे मी लेकरांना सांगितलं, सुनांना सांगितलं, आणि सांगता सांगता ते दगडासारखं पक्कं झालं. त्यावर कधी हात ठेवून पाहिलाच नाही.

काल विचारलं. "वहिनी, माय तवा नेमकं काय म्हणे?"

"काय म्हनन? तिले बोलावू नका, एवढंच."

"काऊन म्हणे?"

"मी काऊन इचारू, बाई? बुढीनं म्हटलं, मी ऐकलं."

"रागात होती का?"

"तोंड भिंतीकडं होतं तिचं. मले पाठ दिसली." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "लेकरू बिमार होतं ना तुमचं तवा? आता रडता काऊन? चहा ठेवू का? काळाच हाय, दूध नासलं."

म्हणजे लेकरू आजारी, माझी ओढाताण नको म्हणून म्हणाली असशील. किंवा खरंच रागात असशील. सांगणारं कोणी उरलं नाही. परत येताना शेगावपर्यंत एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. माझ्याच मनातली गोष्ट मी तुझ्या तोंडी घातली आणि तिच्यावर अर्धा जन्म काढला.

हे पत्र कुठं पाठवायचं? घडी घालून डब्यात ठेवीन. एक मात्र कबूल करते, माय. तो राग होता तोवर भाकरी थापताना मी रोज तुझ्याशी भांडायची. "काऊन नाही बोलावलं मले?" म्हणायची आणि तूही काहीबाही उत्तर द्यायचीस. आज सकाळी परातीपुढे बसले, तर भांडायला काही उरलंच नव्हतं. आज पहिल्यांदा तू घरात नव्हतीस.