गावकी मांडावर

आबा, ज्या सकाळी आम्ही आपल्या शेजाऱ्याला खुर्चीत बसवून देवळात नेलं, त्या सकाळी खुर्चीचा पुढचा पाय मी धरला होता. लहानपणी तापात त्याचे पाय गेले तेव्हापासून तो हातांवर सरकत फिरतो, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. आता त्याने रत्नागिरीहून हातमशीन आणलंय आणि पुढच्या पडवीत बसून साऱ्या वाडीचे कपडे शिवतो. जांभ्याच्या चाळीस पायऱ्या चढून तो देवळात भरणाऱ्या गावकीच्या बैठकीला कधी आला नव्हता. त्याच्या घराचं बोलणं चुलतभाऊ बोलायचा. तुमच्यामागे गावकीचा मान, म्हणजे गावकरपण, माझ्याकडे आला, तेव्हा ही गोष्ट मी सुधारायची ठरवली आणि चौघांनी त्याला उचलून वर नेलं. सभामंडपात कोणीतरी म्हणालं, "शिमग्याआधीच पालखी आली रे!" सगळे हसले. तोही हसला. मला आपण पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी बैलगाडीच्या रस्त्याचा विषय होता. रस्ता वाडीत आणायचा तर दोनच वाटा. एक त्याची पडवी पाडून, दुसरी आपल्या आंब्याच्या कलमांतून. पडवीचं ठरलं. "तुझं काय म्हणणं?" असं मी रीतीप्रमाणे त्याला विचारलं. त्याने देवाकडे बघितलं आणि म्हणाला, "गावाचं ते माझं." मी नारळ वाढवला.

आठ दिवसांनी सदऱ्याचं माप द्यायला त्याच्याकडे गेलो. पडवीसमोर खुंट्या ठोकलेल्या होत्या. मी म्हटलं, "मशीन मागच्या अंगणात ठेवलंस तर चालेल ना?"

"मागे चिखल. माझे हातच माझे पाय, गावकर. चिखलातून सरकत येऊन तुमचा पांढरा सदरा शिवू होय?"

"मग वर बोलला का नाहीस?"

त्याने तोंडातली टाचणी काढली. "वर नेणारे तुम्ही चौघे. चौघांनाही रस्ता हितनंच हवा. नको म्हटलं असतं नि रागानं उठून गेला असतात, तर मी काय चाळीस पायऱ्या गडगडत येणार होतो? देवाची पालखीसुद्धा भोई नाचवतील तशी नाचते. हात वर करा जरा, छातीचं माप घेऊ दे."

मी हात वर केले.

मी विशीत असताना एकदा तुम्हाला विचारलं होतं की गावकी खाली मांडावर, वाडीच्या मोकळ्या पटांगणात, का बसवत नाही, म्हाताऱ्यांनाही सोपं जाईल. तुम्ही चुलीपाशी भाकरी खात होता. आईने पुढे केलेली दुसरी भाकरी तशीच हातात धरून तुम्ही म्हणालात, "देवासमोर माणूस खोटं बोलत नाय. खाली बसली तर ती गावकी नव्हे, बाजार. पुन्हा हे तोंडातून काढू नको." मी काढलं नाही. तुमचं म्हणणं मला आजही पटतं. पण रस्त्याच्या त्या बैठकीत शेजारी देवासमोरच खोटं बोलला, आणि तसं बोलायला लावणारे आम्हीच होतो. रोज पूजेला बसलो की हेच मनात येई. तरी, पावसाने रस्त्याचं काम थांबलं होतं तो सारा पावसाळा मी गप्प राहिलो. रीत मोडायची भीती होती असं मी स्वतःला सांगत असे. खरी भीती कलमांची होती.

गेल्या महिन्यात मी एकटा वर गेलो, देवाला गाऱ्हाणं घातलं, अंगारा घेतला आणि गावकीसाठी खाली मांडावर येऊन बसलो. थोरले काका पायऱ्यांवरच उभे राहिले. "बापसाची रीत मोडतोस मेल्या? देव काय तुझ्यामागून चालत आला?"

"अंगारा आणलाय, काका. या, बसा."

ते बराच वेळ उभे राहिले, मग सर्वांत खालच्या पायरीवर बसले, मांडावर नाही. शेजारी आपला आपण सरकत आला. चुलतभाऊ त्याच्यासाठी बोलायला लागला तसा तो म्हणाला, "तू थांब, आज मी आहे." मग पडवी देणार नाही म्हणाला, आणि माझ्याकडे बोट करून, "रस्ता ह्यांच्या कलमांतून न्या. ह्यांना दोन झाडं गेली तरी आंबे खायला मिळतील." कोणी हसलं नाही. वाद दुपारपर्यंत चालला. मध्येच दोघांशी भांडून तो रागाने निघून गेला, आणि पेजेच्या वेळी जेवून परत आला. त्याला तसं जाताना बघून मला बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

तुम्ही देवरुखहून आणून लावलेली दोन कलमं काल मी तोडली. कोयता मीच चालवला.

हे पत्र कुठे पाठवणार, आणि कोण वाचणार. पण एक सांगायचं राहिलंय. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या चढवेनात म्हणून तुम्ही घरात बसलात, आणि मी गावकीत "आबांचं असं म्हणणं आहे" म्हणून बोलत होतो. आबा, त्यातलं एकदाही मी तुम्हाला विचारलं नव्हतं.