अवेळी पेटलेला बंब

आई, तुझा बंब आता माझ्या गॅलरीत आहे. काल गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं विचारलं, "बाई, हे पितळेचं काय?" तांब्याचा आहे, म्हटलं, आणि समजावून सांगितलं. मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच ऊन पाणी बाहेर पडतं. "म्हणजे गार ओतल्याशिवाय ऊन मिळतच नाही?" तो म्हणाला. नाही मिळत. मग त्यानं विचारलं, "आणि धूर कुठं जायचा?" कौलांतून बाहेर, एवढंच सांगून मी त्याला वाटेला लावलं. धुराचं उत्तर एवढं सोपं नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तुला लिहिते आहे.

आपली न्हाणी घराच्या मागे, माडांच्या बाजूला. तू पहाटे नळीत नारळाच्या सालींची वाळकी सोडणं घालतेस, वर दोन करवंट्या, आणि फुंकणीनं एकच लांब फुंकर. उजाडेपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी होतात, तू राख काढतेस, बंब निवतो. दुपारी तो पेटवायचा नाही. घरात बाळंतीण असेल तर गोष्ट वेगळी, पण ते गावाला आधीच ठाऊक असायचं. एरवी भर दुपारी न्हाणीच्या कौलांतून धूर निघाला, तर आपल्या आळीत त्याचा अर्थ एकच. कुणीतरी गेलं, आणि त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापतंय. निरोप धाडावा लागत नसे. लहानपणी एकदा चिखलात लोळून आल्यावर मी स्वतःच दुपारी बंब पेटवायला बसले होते. तू माझ्या हातातली फुंकणी हिसकावलीस आणि म्हणालीस, "गाव गोळा करायचंय का?" हे वाक्य लक्षात ठेव. मला ते पुढं लागणार आहे.

मॅट्रिकचा निकाल लागला तो पावसाळा. दादरच्या मामाचं पत्र आलं होतं, पोरीला पाठवा, राहायची सोय करतो, पण कॉलेजातले प्रवेश संपत आलेत, लगेच पाठवा. अण्णा पत्र वाचून म्हणाले, "बघू." आपल्या घरात 'बघू' म्हणजे नाही. ते नाही म्हणत नसत, नुसता वेळ जाऊ देत. माझी ट्रंक भरलेली, माणगावची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि ते ओटीवर झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांना आठवडाभर खोकला होता. तू दुपारच्या जेवणाची भांडी आवरलीस, पदर खोचलास आणि मागं गेलीस. थोड्या वेळानं धूर दिसला. पाऊस थांबलेला, हवा कोंदट. धूर वर जाईना, माडांच्या खोडांमधून रस्त्यापर्यंत पसरला.

सगळ्यात आधी कोळीण आली. टोपली कुंपणापाशीच टाकून आत शिरली. "वयनी! कोन गेला गो?" तिच्या पाठोपाठ शेजारच्या वाडीतले काका, खांद्यावर पंचा, हातात कोयता. तिरडीचे बांबू तोडायला म्हणून ते घरूनच तयारीनं निघाले होते. ओटीवर अण्णांना पाहून ते पायरीवरच थांबले. "अण्णा, तुम्ही... आहात?"

"आहे. तुमची हरकत आहे का?" अण्णा म्हणाले.

"नाही, खोकला होता ना, म्हणून म्हटलं..." काकांनी कोयता पाठीमागं नेला. "मग पाणी कुणासाठी तापलंय?"

तोवर अंगणात आणखी पाच-सहा माणसं जमली होती. तू फुंकणी हातात घेऊन पुढच्या दारात आलीस. चारचौघांत, अण्णांच्या देखत, तू इतक्या मोठ्यानं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "कुणी गेलं नाही. पोर जातेय, उद्याच्या गाडीनं, मुंबईला, कॉलेजात. ह्यांनी होकार दिलाय."

"व्वा अण्णा!" काका म्हणाले. कोळीण माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "बाय आता बालिस्टर व्हनार. आनि आमी रडत आलो!" सगळे हसले. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला, तुझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बघू म्हणालो होतो. झालं बघून." पहाटे गाडीच्या टपावर माझी ट्रंक त्यांनीच चढवली.

आता माझा प्रश्न. तू हे मुद्दाम केलंस का? मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पुराव्याशिवाय बोलत नाही. म्हणून पुरावा मांडते. वाळकी सोडणं पडवीत आढ्यापर्यंत रचलेली होती. त्या दुपारी तू ती घेतली नाहीस, बाहेरच्या भिजलेल्या ढिगातली ओढलीस. ओल्या सोडणासाठी आम्हाला रागावणारी तू. आणि 'गाव गोळा करायचंय का' हे तूच म्हणाली होतीस. पण दुसरी बाजूही आहे. माणसं पांगल्यावर तू मला हाक मारलीस, "चल, पाणी निवेल." शिकेकाईनं माझे केस धुतलेस. पावसाळ्यात लांब केस वाळायला वेळ लागतो, पहाटे गाडी होती, तेव्हा दुपारीच धुणं भाग होतं. आणि पडवीच्या त्या कोपऱ्यात कधी कधी गळायचं, रचलेली सोडणंही भिजली असतील. इतकं साधंही असू शकेल. अण्णांनी तुला त्याबद्दल एकांतात काय विचारलं, काही विचारलं का, तेही मला माहीत नाही.

त्यानंतर कितीतरी सुट्ट्यांना मी घरी आले. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून तुझ्याशी बोलले, बंबात गार पाणी ओतल्यावर ऊन पाणी वर का चढतं ते तुला शिकवलं. तू म्हणालीस, "ते आपलं आपण चढतं, त्याला कॉलेज कशाला लागतं?" तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही. "केस धुवायचे होते, दुसरं काय?" असं तू सहज म्हणाली असतीस, तर ते मला सोसलं नसतं.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे, तेव्हा एक आणखी सांगून टाकते. तुझं जास्त आहे अशी तार आली आणि मी मिळेल त्या गाडीनं निघाले. आळीच्या तोंडाशी उतरले तेव्हा भर दुपार होती आणि आपल्या न्हाणीवर धूर होता. त्याचा अर्थ मला गावातल्या कुणाही इतकाच पक्का ठाऊक होता. तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आईनं पुन्हा काहीतरी ठरवलंय.