ह्यांच्या रिसिव्हरची वायर

३ फेब्रुवारी, मंगळवार
सुनेने माझ्या टेबलावरचं सामान न विचारता खाली काढलं! औषधं, चष्मा, ही वही — सगळं जमिनीवर. का, तर ह्यांचा गाणी ऐकायचा रिसिव्हर माळ्यावरून उतरवून टेबलावर मांडायचा. हे गेल्यापासून तीन वर्षं माळ्यावर होता, राहू द्यायचा. पण लेकाने नोकरीच्या गावाहून सुनेला फोन केलाय — "रविवारी येतो. बाबांचा रिसिव्हर लावून ठेव, त्यांची गाणी ऐकायचीत." मला कोण विचारतंय! धूड मेलं. दोघींनी उतरवलं, कंबर अजून ओरडतेय.

४ फेब्रुवारी, बुधवार
ड्रॉवरमध्ये ह्यांचा काडेपेटीएवढा प्लेअर सापडला. तबकड्यांवरची गाणी ह्यांनी त्यात भरली होती. वायर लावायची सोडून स्पीकरसमोर प्लेअर धरून बसायचे. "वायर आवाज खाते," म्हणायचे. गाणी कमी, माझ्या भांड्यांचा आवाजच जास्त भरला असणार.

सून म्हणाली, "आई, शेवटच्या दिवशीही भरत बसले होते ना हो?"

मी पाणी प्यायला उठले.

त्या दिवशी घरात ह्यांच्याखेरीज आम्ही दोघीच. मी स्वयंपाकघरात, ती मागे शिलाई मशीनवर. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीतच गेले. लेक तिला म्हणाला होता, "तुझ्या खडखडाटात बाबांची हाक बुडाली." तेव्हापासून मशीनवर चादर आहे. मी सांगितलं होतं — मला काही ऐकू आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सुनेने रिसिव्हरच्या मागच्या भोकांत लाल-पांढऱ्या पिना खुपसल्या. असला आवाज! बैल घोरतोय जसा. शब्द एक कळेना. शिकायला बाहेर असलेल्या नातीला फोन लावला. "आजी, मागे हात घालू नकोस, शॉक बसेल!" मला शॉक देणारा अजून जन्मायचाय. ती म्हणाली, फोनो लिहिलेल्या भोकात लावलंय, ते तबकडीच्या यंत्राचं, म्हणून आवाज फाटतो. ऑक्स लिहिलेल्यात लावा.

मी म्हटलं, आज पुरे. फाटकाच बरा.

पण त्या घोरण्यातही मधेच "अगं" ऐकू आलं. मला एकटीलाच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
वायर पिठाच्या डब्यात लपवली. सून घरभर शोधतेय. मीही शोधतेय.

७ फेब्रुवारी, शनिवार
सूनबाईने नवी वायर आणली! ऑक्समध्ये लावली. स्वच्छ लागलं. गाणं, मागे तिच्या मशीनची खडखड. मग हे — "अगं... इकडे ये जरा." दोनदा. मशीन थांबलं. तिचा आवाज — "आई, बाबा बोलावतायत का?"

आणि माझा. असा करकरीत, जणू आत्ताच बोलले! "तू शिव गं. रोजचीच कटकट आहे त्यांची. तबकडी उलटायला मी नोकर आहे का?"

मशीन पुन्हा सुरू. गाणं संपलं. मग नुसती सुई घासत राहिली — खर्र, खर्र, खर्र. उचलायला कोणी आलंच नाही. किती वेळ ते!

शेवटी तिने बटण बंद केलं.

मी म्हटलं, "तुला तर सगळं माहीत होतं. तीन वर्षं त्याचे टोमणे खाल्लेस, बोलली का नाहीस?"

"बोलून काय, बाबा परत येणार होते?" म्हणाली. मग म्हणाली, "ही फाईल मी पुसून टाकते, आई. त्याला बाकीची गाणी ऐकवू."

मी वायर गुंडाळायला घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार
प्लेअर सकाळीच तिच्याकडून काढून घेतला. पुसलेलं नाही. पिना मीच लावल्या, ऑक्समध्ये. लेक जेवायला येईल. बाबांची हाक ऐकली की सवयीने आधी तिच्याकडेच डोळे वटारून बघेल. तिला बजावलंय — तू तोंड उघडायचं नाहीस. जबाब मी द्यायचा.